चौथ्या रांगेची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सोफे-खुर्च्यांवर गाद्या आणि कापड चढवणे, आता निवृत्त, राहणार ह्याच घरात, आज पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. ह्याआधी मी असा कागद केलेला नाही. वकीलबाईंनी दिलेल्या नमुन्यात 'आयुष्याचा भरवसा नाही म्हणून' असे वाक्य होते, ते मी गाळले आहे. गेल्या सहा महिन्यांत मला आयुष्याचा जेवढा भरवसा वाटू लागला आहे तेवढा आधी कधीच नव्हता. भरवसा आहे म्हणूनच सवडीने लिहायला बसले आहे.

शुद्धीबद्दलचा खुलासा मात्र आधी करते. मे महिन्यात खुब्याचे हाड मोडून मी इस्पितळात होते. ऑपरेशन झाल्यावर मुलगी उशाशी बसून म्हणाली, "आई, घर विकू या. तू माझ्याकडे चल." मी म्हणाले, "विकून टाक." शब्द माझेच आहेत, नाकारत नाही. पण तेव्हा दुखणे थांबवायचे औषध नळीतून चालू होते, आणि त्याच दुपारी मी परिचारिकेला सांगितले होते की छताचा पंखा ताल चुकतो आहे, त्याला खाली उतरवा. सबब तो शब्द शुद्धीतला धरू नये. हा धरावा. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम पहिले, घर. खाली कामाची खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मागे लाकूड ठेवायची पडवी. माझे यजमान लाकडाला पॉलिश करत आणि मी त्यावर गादी बसवत असे. त्या जोडकामातून हे घर उभे राहिले. माझ्या पश्चात ते पूर्णपणे माझ्या मुलीचे. तिने विकावे, भाड्याने द्यावे, नाहीतर त्यात कोंबड्या पाळाव्यात, मी विचारायला येणार नाही. फक्त 'माझ्या पश्चात' ह्या दोन शब्दांवर मी अडून बसले आहे.

मुलगी विमा कचेरीत काम करते. तिला प्रत्येक पायरीत अपघात दिसतो. मी इस्पितळात असताना तिने एक गिऱ्हाईकही पाहिले. तो गृहस्थ येऊन मापे घेऊन गेला आणि "ही भिंत पाडू" असे म्हणाला. त्या भिंतीला माझ्या सगळ्या रेकॉर्ड टेकलेल्या आहेत. शेजारचा बेकरीवाला सांगतो की त्याने फीत ढिली धरली होती. ढिल्या फितीने माप घेणाऱ्याला मी उशीचा अभ्रासुद्धा शिवून दिला नसता, घर कुठले देणार? पण मुलीने त्याला अजून नाही म्हटलेले नाही. मी विषय काढला की "रविवारी बघू" म्हणते. आज रविवार आहे, ती काल संध्याकाळीच आली आहे, आणि मी हे लिहिते आहे तेव्हा ती वरच्या खोलीत आहे. घर माझ्या नावावर आहे, कायद्याने मला कोणी हलवू शकत नाही. पण पोटच्या पोरीला दुखवून ह्या घरात राहायचे म्हणजे नुसत्या भिंती सांभाळायच्या. तिने मनापासून हो म्हणावे, एवढेच मला हवे आहे.

ती का घाबरली आणि मी का घाबरत नाही, हे कळायला आमच्या गटाबद्दल सांगावे लागेल. वकीलबाई म्हणाल्या, हे मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हटले, "बाई, मी जन्मभर न बसणारं कापड बसवलं आहे."

गटाचे नाव 'जुना पडदा, मोठा आवाज'. जुने सिनेमे आणि रॉक संगीत ह्यांवर जीव असलेली माणसे तिथे एकमेकांशी गप्पा मारतात. मला हे दोन्ही नाद कामातून लागले. सिनेमागृहाच्या खुर्च्या दुरुस्त करायचे काम माझ्याकडे होते. सकाळी रिकाम्या थिएटरात मी चौथ्या रांगेत गुडघ्यांवर बसून फाटक्या बैठकी उसवत असे आणि वर मशीनवाला दुपारच्या खेळाची रिळे तपासत असे. काळे-पांढरे सिनेमे मी असे मान वर करकरून, तुकड्या-तुकड्यांनी पाहिले. कित्येकांचे शेवट मला गटावर आल्यानंतर कळले. रॉक मात्र माझ्या गाद्यांच्या दुकानातले. खिळे ठोकायला ताल लागतो, आणि मंद गाण्यावर हात रेंगाळून खिळा वाकडा जातो. यजमान माझ्याच पिंपातला कापूस कानांत घालून पॉलिश करत. माणूस देवासारखा होता, पण ह्या दोन गोष्टींबद्दल त्यांच्याशी बोलणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ते गेल्यावर मुलीनेच मला फोन घेऊन दिला आणि मी गटात शिरले. नाव घेतले 'चौथी रांग'. उभ्या जन्मात जे बोलायचे राहिले होते ते मी तिथे बोलले, आणि फार बरे वाटले.

दर रविवारी दुपारी आम्ही सगळे आपापल्या घरी एकच सिनेमा एकाच क्षणी सुरू करतो आणि पाहता पाहता लिहीत राहतो. कोणी चुकीचे लिहिले की मी ताबडतोब दुरुस्त करते. ह्याला गटात 'चौथ्या रांगेतून खिळा आला' असे म्हणतात. सगळ्यांत जास्त खिळे 'बेसूर' ह्यांना बसले आहेत. हे गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करत असत आणि तरुणपणी एका बँडमध्ये ड्रम वाजवत. माणूस हट्टी, बोलणे तिरकस. आमचे पटले असे कधी झाले नाही.

मे महिन्यातल्या त्या रविवारी नायिका सामान घेऊन स्टेशनात शिरली आणि मी पाणी आणायला उठले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय घसरला. फोन खुर्चीवर राहिला आणि मी फरशीवर. त्याचे टिंगटिंग ऐकू येत होते, हात पोचत नव्हता. मी घाबरले होते. असे लिहायला मला लाज वाटत नाही.

तिकडे बेसूर ह्यांनी लिहिले की नायिकेच्या हातातली पेटी आधीच्या दृश्यात नव्हती, दिग्दर्शक विसरला. पेटी होती. खिळा आला नाही. त्यांनी थोडे थांबून लिहिले, 'हे सिनेमे रंगवून दाखवले तर जास्त बरे दिसतील.' ह्याच मुद्द्यावर मी एकदा त्यांच्याशी बोलणे टाकले होते. तरी काही नाही. तेव्हा मनावर दगड ठेवून त्यांनी लिहिले, 'रॉकमध्ये ड्रमला माणूस कशाला हवा? यंत्र पुरतं.' सगळा गट त्यांच्यावर तुटून पडला. बेसूर लिहूनच ओरडले, "तुम्ही गप्प बसा हो! चौथी रांग कुठे आहे?"

त्यांनी मला फोन लावला, मी उचलला नाही. पण मागे एकदा त्यांच्या ड्रमच्या स्टुलाची बैठक मी नवी करून पाठवली होती. भांडण आपल्या जागी, पण फाटक्या बैठकीवर माणूस बसलेला मला बघवत नाही. त्या पार्सलावरचा पत्ता त्यांनी जपून ठेवला होता. पत्त्यात शेजारच्या बेकरीचे नाव होते. बेकरीचा फोन त्यांनी शोधला, आणि बेकरीवाला पिठाच्या हातांनी धावत आला. इकडे पडद्यावर नायक तुरुंगातून सुटला आणि तिकडे माझे मागचे दार फुटले.

"काकू, हलू नका!" तो ओरडला.

"हलता आलं असतं तर दार मीच नसतं का उघडलं?" मी म्हटले, आणि मग मला रडू फुटले. सुटकेचे रडू होते ते.

मुलीला संध्याकाळी कळले. तिला जे लागले ते मला तेव्हा दिसले नाही. ती म्हणाली, "मी रोज फोन करते. जेवलीस का विचारते. तू हो म्हणतेस. त्या दिवशी सकाळीही केला होता. आणि तू पडलीस हे कळलं कुणाला, तर ज्यांना तू कधी पाहिलंही नाहीस त्यांना!" मला वाटले ती गटावर चिडली आहे. ती घाबरली होती, आणि थोडी मत्सरानेही जळत होती. हे माझ्या टाळक्यात शिरायला पावसाळा उलटला. तेव्हापासून मी तिला नुसते हो म्हणत नाही. काय जेवले, काय करपले, कोणाशी भांडले, सगळे सांगते. आता फोन तीच आधी ठेवते.

कलम दुसरे, हत्यारे. वाकड्या सुया, पट्टे ताणायची फळी, चुंबकाची हातोडी आणि मोठी कात्री माझे दुकान आता चालवणाऱ्या बाईला द्यावी. कात्रीने तिने कागद कापू नये. कापलेला मला कळेल.

कलम तिसरे, रेकॉर्ड आणि त्या वाजवायचे यंत्र. ह्या मी बेसूर ह्यांना देणार होते. त्यांचा त्यावर वर्षानुवर्षे डोळा आहे. परंतु मला त्यांनाच साक्षीदारही करायचे होते, आणि वकीलबाई म्हणाल्या की साक्षीदाराला त्याच कागदाने काही देता येत नाही. दोन्हींपैकी एक काय ते ठरवा. मी त्यांना तसे कळवले. मला वाटले, गडी रेकॉर्ड घेणार. उत्तर आले, 'रेकॉर्ड ठेवा तुमच्यापाशीच. सहीला येतो. मृत्युपत्र करणारी बाई समोर बसलेली पाहिल्याशिवाय साक्षीदाराला सही करता येत नाही, असं वाचलंय.' एवढ्यासाठी माणसाने ज्याच्यावर जीव टाकला ते सोडले. सबब रेकॉर्ड गटातल्या 'रात्रपाळी' ह्या नावाच्या परिचारिकेला द्याव्यात. तिचे कान तरुण आहेत. तिने त्या बेसूर ह्यांना ऐकवू नयेत असे कुठेही म्हटलेले नाही, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

कलम चौथे, बँकेतली शिल्लक मुलीची. तिने ती सुरक्षित जागी गुंतवू नये. तिला समुद्र पाहायचा होता, लग्नाआधीपासून. जाऊन यावे.

कलम पाचवे, धाकटे दीर. 'या वयात हा धांगडधिंगा शोभतो का' हे वाक्य त्यांनी माझ्याच सोफ्यावर बसून, माझाच चहा पिऊन पुष्कळदा ऐकवले आहे. त्यांना तो सोफा द्यावा. स्प्रिंग मी मुद्दाम बदललेली नाही. शांतता त्यांना आवडते. ती माझ्या पश्चात मुबलक मिळेल, वेगळी लिहून देत नाही.

कलम सहावे, मला निरोप देताना मंद संगीत लावू नये. आवाज खिडक्या हलतील एवढा असावा. बेकरीवाल्याला आधी कल्पना द्यावी, नाहीतर त्याचे केक बसतील.

कलम सातवे, गट. माझ्या खात्यातून माझ्या नावाने कोणी लिहू नये. मी गेले हे मुलीने स्वतःच्या नावाने कळवावे. तिथे तिला कोणी परकी समजणार नाही. गेल्या रविवारी ती माझ्या शेजारी बसून आमचे सगळे वाचत होती. मधेच म्हणाली, "आई, तुम्ही सिनेमा बघता कधी? नुसते भांडताच की!" हसत होती. मला केवढे हायसे वाटले ते कायद्याच्या भाषेत लिहिता येत नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला आहे. बेसूर सकाळच्या बसने आले असून समोर बसले आहेत. आम्ही आज पहिल्यांदाच भेटलो. दारातच ते म्हणाले, "बाई, तुम्ही लिहिण्यावरून उंच वाटत होता." मी म्हटले, "आणि तुम्ही अहो, बोलण्यावरून तरुण." मग मी चहा टाकला. डॉक्टरही आल्या आहेत. त्यांना पुढचा रुग्ण आहे, त्या घड्याळाकडे बघताहेत.

मी पेन उचलले आणि वरून मुलीचा आवाज आला. फोनवर होती. जिन्यातून प्रत्येक शब्द खाली येत होता. "नाही हो, तसं काही नाही. किंमत ठीकच होती तुमची. पण घर नाही विकायचं." मग थोडी थांबली. तो काहीतरी विचारत असावा. "अहो, रिकामं कुठलं? आई राहते ना तिथे."

बेसूर मान खाली घालून चहा ढवळत राहिले. साखर कधीच विरघळली होती. डॉक्टरांनी घड्याळ पाहायचे सोडले. मी सही केली आहे. अक्षर थोडे वाकडे आले आहे, कारण मला हसू आणि रडू एकदमच आले. सही माझीच आहे.

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार पहिले : (सही) डॉक्टर. बाई माझ्यासमोर शुद्धीत होत्या.

साक्षीदार दुसरे : (सही) बेसूर, निवृत्त लिफ्ट कारागीर. खरे नाव सहीत आहे. बाईंना समोर बसलेले पाहिले.

दिनांक : ११ नोव्हेंबर २०१८, रविवार

ठिकाण : माझे घर