पाण्याच्या दिवशी ड्रोन

अण्णा,

तुम्ही गेल्यावर मी पोलिसात लागले. पण माझ्या हातात तुमच्यासारखी लाठी नसते. मी कंट्रोल रूममध्ये बसून ड्रोन उडवते. खालची गर्दी माझ्या पडद्यावर दिसते आणि यंत्राला ज्यांचा संशय येतो, त्यांच्याभोवती ते आपणच लाल चौकट काढतं. यंत्र वाईट नाही, जत्रेत हरवलेलं लेकरू त्यानंच शोधून दिलं. आता त्याच्या पोटाला अश्रुधुराच्या नळकांड्या लावल्यात. त्या सोडायचं बटण माझ्याकडे असतं. पुढच्या यंत्रात बटणच नको, यंत्रानं स्वतः ठरवून सोडाव्यात, असं कंपनीचं म्हणणं आहे.

तुमची हवालदारी मला औरंगपुऱ्यातली आठवते. तुम्ही मला शाळेतून घरी नेत होता. बाजारात तणाव, शटरं अर्धी खाली, चहाच्या गाड्याशी पोरांचा घोळका. तुम्ही लाठी काखेत मारून चहावाल्याला विचारताय, "क्या मामू, आज दूध फटा या लोगां?" तो हसतो, पोरंही हसतात, आणि एकेक जण पांगतो. तेवढ्यात एक माणूस आपल्यासमोरून धावत गेला आणि मी ओरडले, "चोर!" तुम्ही माझा दंड धरलात. "पळतोय म्हंजे चोर व्हय? आधी कशापायी पळतोय ते बघावं." तो दवाखान्यात निघाला होता की बस गाठायला, ते आपल्याला कधी कळलं नाही.

गेल्या महिन्यात एका जुन्या वस्तीवर ड्रोन होता. अचानक गल्लीगल्लीतून माणसं धावत निघाली आणि पडदा लाल चौकटींनी भरून गेला. हातात लांब, काळं काहीतरी. खाली अक्षरं उमटली: सशस्त्र जमाव. साहेब मागं उभे होते. "दाबा, बाई."

"सर, जरा थांबू. खाली नेऊन बघते."

पाईप होते, अण्णा. आठवड्यानं नळाला पाणी आलं होतं आणि अख्खी वस्ती पाईप घेऊन पळत होती. एक म्हातारी ड्रोनकडे बघून हात नाचवत होती. आवाज येत नव्हता, पण शिव्याच असणार.

नंतरच्या बैठकीत कंपनीचा माणूस म्हणाला, "बटणामुळं वेळ वाया जातो." मी बैठकीत कधी बोलत नाही. त्या दिवशी म्हणाले, "तेवढा वेळ जाऊ द्या. त्या वेळातच पाईप दिसले." साहेबांनी बटण सध्या तरी ठेवायला सांगितलं, आणि मला म्हणाले, "हवालदाराची पोरगी शोभता." मला तुमचं कौतुक ऐकल्यासारखं वाटलं.

आता सगळे म्हणतात, यंत्राला नाही दिसलं ते बाईंना दिसलं. मी नुसती मान हलवते. हे कुणाला सांगितलेलं नाही, आणि हा कागदही कुठं जायचा नाही: मलाही आधी लाठ्याच दिसल्या होत्या. बोट बटणावर टेकलं होतं.