दहा सिलिंडर आणि माझे एक मत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, व्यवसायाने सेवानिवृत्त नियमलेखिका, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण भानावर असताना आणि सकाळचा चहा घेऊन झाल्यावर लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता, तर वकीलबाईंचा मसुदा मी तीनदा खोडला नसता. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आज वार कोणता ते विचारले. मी वार सांगितला, आणि त्यांच्या भिंतीवरचे घड्याळ चार मिनिटे मागे आहे हेही सांगितले. दाखल्यावरचा 'उत्तम' हा शेरा त्यांनी जरा घुश्शातच लिहिला आहे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: मोटारींच्या सगळ्यात वरच्या दर्जाच्या शर्यतींची एक नियम-समिती असते. तिची मी सव्वीस वर्षे सचिव होते. गाडी किती रुंद, इंजिन केवढे, इंधन किती, हे समिती ठरवायची आणि मी शब्दांत बसवायची. प्रत्येक संघ एक माणूस पगार देऊन ठेवायचा, आणि माझ्या वाक्यांत फट शोधणे एवढेच त्याचे काम असायचे. एकदा माझ्या हातून 'साधारण' हा शब्द गेला, तर एका संघाने त्यातून अख्खा पंखा आत घुसवला. तेव्हापासून 'साधारण', 'शक्यतो' आणि 'इत्यादी' हे शब्द मी लिहीत नाही. यापुढे या कागदातही ते सापडणार नाहीत. नातेवाइकांनी शोधण्याचे कष्ट घेऊ नयेत.

कलम १. राहते घर, त्यातील सामान आणि मागची खोली (कलम ३ मधील पत्रे व मीटर आणि खोलीतील एक वस्तू सोडून, पाहा कलम ५) माझ्या भाचीला द्यावे. ती माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. शर्यतीच्या इंजिनाला आता जी विजेची मोटर जोडलेली असते, तिच्या कारखान्यात ती अभियंता आहे. गेली एकोणीस वर्षे आमच्या दोन घरांत ये-जा करणारी ती एकटीच. पुस्तकांची कपाटे तिने हलवू नयेत ही माझी इच्छा आहे, अट नाही. अट आणि इच्छा यांतला फरक तिला लहानपणीच समजावला होता, आणि तिने त्याचा माझ्याविरुद्ध भरपूर उपयोग केला आहे.

कलम २. बँकेत जी शिल्लक असेल तिच्यातून कानांवर लावायची संरक्षक आवरणे घ्यावीत आणि शर्यतीच्या मैदानाच्या दारावर लहान मुलांना फुकट वाटावीत. त्यांवर माझे नाव घालू नये. घातले, तर शौकीन ती भिरकावून देतील, आणि त्यांची चूक म्हणता येणार नाही.

कलम ३. पत्रे. एकोणीस वर्षांपूर्वी दहा सिलिंडरची इंजिने बंद झाली, आणि सहा सिलिंडरची छोटी, सोबत विजेची मोटर असलेली इंजिने आली. त्या नियमाखाली सचिव म्हणून माझी सही होती, त्यामुळे पत्रे माझ्या नावाने आली. पोत्यांनी आली. मी ती तीन कपाटांत लावून ठेवली आहेत: 'शिव्या', 'शिव्या, पण मुद्देसूद' आणि 'स्तुती'. तिसऱ्या कपाटात अकरा पत्रे आहेत, बाकी जागेत मी छत्र्या ठेवते.

पहिल्या कपाटात एक काडेपेटी आहे. तिच्यात चिकटपट्टीने डकवलेला मेलेला डास आहे आणि खाली लिहिले आहे, "हे घ्या तुमचं नवीन इंजिन." मी दोन दिवस हसत होते. पण त्या मोसमाच्या पहिल्या शर्यतीला मी स्वतः गेले, तेव्हा पूर्वेकडच्या स्टॅंडमधली माणसे पहिली फेरी संपेपर्यंत ट्रॅककडे पाठ करून उभी राहिली. घोषणा नाहीत, फलक नाहीत. मोठी, पोट सुटलेली, कामाधंद्याची माणसे, काहींच्या डोळ्यांत पाणी. त्यांना वेग कमी झाल्याचे दुःख नव्हते, गाड्या तेवढ्याच पळत होत्या. पूर्वी इंजिन पुढून गेले की छाती आतून हलायची, ते त्यांच्याकडून काढून घेतले होते. त्या दिवशी मला हसू आले नाही.

ही सर्व पत्रे आणि इंजिनांचा आवाज मोजायचा माझा मीटर एका शाळामास्तरांना द्यावा. पत्ता दुसऱ्या कपाटात पहिल्याच पाकिटावर आहे. दर मोसमाच्या पहिल्या शर्यतीनंतर त्यांनी मला एक पत्र लिहिले, व्याकरण शुद्ध, राग कडक. यंदा आठ सिलिंडरची मोठ्या आवाजाची इंजिने परत आणण्याचे समितीने जाहीर केले. मला वाटले, मास्तर आता पेढे वाटल्यासारखे पत्र लिहितील. त्यांनी लिहिले, "आता नको हो. नात सोबत येते. ती सारखं काहीतरी विचारते आणि मला ऐकू येतं. एवढी वर्षं आम्हाला सवय लावलीत, आता पुन्हा गोंगाट करताय." ते पत्र कोणत्या कपाटात ठेवावे हे मला अजून ठरवता आलेले नाही.

कलम ४. समितीच्या माजी अध्यक्षांना काहीही देऊ नये. हे विसरून राहिलेले नाही. भाषणांत त्यांनी माझी वाक्ये स्वतःची म्हणून वापरली आणि शिव्या मात्र माझ्या पत्त्यावर पाठवायला सांगितल्या. त्यांना निरोप द्यावा की आमचा हिशोब मिटला आहे, मी कंटाळले.

कलम ५. मागच्या खोलीत चादरीखाली दहा सिलिंडरचे एक इंजिन आहे. ते माझ्या धाकट्या भावाला द्यावे. याविषयी मला सविस्तर लिहिणे भाग आहे.

माझा भाऊ इंजिन जुळवणारा. कारखान्यात त्याला 'कानसेन' म्हणत. इंजिन चाचणीच्या बाकावर चढवून पूर्ण वेगाने फिरवायचे आणि दहांपैकी कोणता सिलिंडर कुरकुरतोय ते नुसते ऐकून सांगायचे, ही त्याची ख्याती. उपकरणाला जे अर्ध्या तासाने कळे ते त्याला लगेच कळे. त्यासाठी तो कानांवरची आवरणे गळ्यात अडकवून ठेवी. मी ओरडत असे. तो म्हणे, "ताई, डोळे बांधून कोणी चित्र काढतं का?"

नव्या नियमावर मतदान व्हायचे होते त्याच्या आदल्या रविवारी मी त्याच्याकडे जेवायला गेले होते. तो खिडकीशी पेपर वाचत बसला होता. भाची तेव्हा आठ वर्षांची. शाळेतली कविता तिने त्याच्या पाठीमागून म्हणायला सुरुवात केली. पहिले कडवे झाले तरी त्याने मान वर केली नाही. ती रुसली नाही, हाक मारली नाही. खुर्चीला वळसा घालून त्याच्या समोर येऊन उभी राहिली आणि कविता पहिल्यापासून म्हणू लागली. रोजचीच सवय असावी अशी. तो पेपर खाली ठेवून हसला आणि तिच्या ओठांकडे पाहू लागला. वहिनी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "दोन वर्षं झाली, ताई. डॉक्टरकडे चला म्हटलं की चिडतात."

मतदानात सहा विरुद्ध सहा मते पडली. मते समान झाली तर सचिवाने मत द्यावे असा नियम होता. तो मीच लिहिलेला होता. मी दहा सिलिंडरच्या विरुद्ध मत दिले. इंधन, पर्यावरण, खर्च यांवर बाराही जण दोन दिवस बोलले होते, आणि त्यातले बरेचसे खरेही होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र खुर्चीला वळसा घालणारी ती पोर होती. पुढे शौकिनांनी तेल-कंपन्यांपासून मोटार-कारखान्यांपर्यंत सगळ्यांचा कट शोधून काढला. हे कारण कोणाच्या स्वप्नातही आले नाही.

ज्याचा रक्ताचा नातेवाईक त्या कामात आहे, त्याने बैठकीतून उठून जावे, हाही नियम माझाच. मी उठले नाही. सव्वीस वर्षांत मी मोडलेला तो एकच नियम. या कलमाची एक प्रत समितीला पाठवावी आणि ते मत बाद होते अशी नोंद करायला सांगावी. लोकांना कळेल. कळू दे.

भावाचा विभाग वर्षभरात बंद झाला. त्याने विचारले, "ताई, तू काय केलंस तिथे?" मी म्हणाले, "मी फक्त लिहिणारी. ठरवणारे ते." तो म्हणाला, "मग लिहायला नाही म्हणायचं होतंस." आणि जेवणावरून उठून गेला. तो पाण्याचे पंप दुरुस्त करू लागला. त्याचा कान आहे तेवढ्यावर थांबला, पुढे बिघडला नाही. पण त्या दिवसापासून त्याने माझ्या घराचा उंबरा चढलेला नाही. एकोणीस वर्षे तो माझ्यावर रागावला आहे, तेही मी केलेल्या गोष्टीसाठी नव्हे, तर फक्त लिहिल्यासाठी. खरी गोष्ट कळली तर काय करील, या भीतीने मी गप्प राहिले. मला त्याची फार आठवण येते. हे वाक्य वकीलबाई म्हणतात की कायद्याच्या दृष्टीने अनावश्यक आहे. ते राहू द्यावे.

कारखान्याचे सामान लिलावात निघाले तेव्हा त्याने जुळवलेले शेवटचे इंजिन मी दुसऱ्याच्या नावाने घेतले. ते कधीच सुरू केलेले नाही. त्याने ते नाकारले, तर भाचीला द्यावे.

कलम ६. साक्षीदार. कायद्याने जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून वकीलबाईंचा सल्ला असा की भावाला वारस ठेवा, साक्षीला दुसरे कोणी बोलवा, आणि त्याला हे सारे तुमच्या पश्चात वाचू द्या.

मी रात्रभर नाही, पण एक पूर्ण दुपार यावर विचार केला. माझ्या पश्चात वाचले तर तो कोणाशी भांडणार? भिंतीशी? आयुष्यभर मी इतरांच्या फटी बुजवल्या, आणि ही एक स्वतःसाठी ठेवून निसटायला निघाले होते. म्हणून या मसुद्याची एक प्रत आज भाचीच्या हाती त्याच्याकडे पाठवत आहे. त्याने उत्तर दिलेच पाहिजे असे नाही. गुरुवारी अकरा वाजता वकीलबाई आणि शेजारचे घड्याळजी माझ्याकडे सह्या करायला येतील, आणि इंजिन त्याचेच राहील.

येथे माझे लिहिणे संपले. वरील मजकूर मी स्वतः वाचला, तो माझा आहे, आणि त्यात खाडाखोड नाही.

लिहून ठेवणारीची सही: (केली)

साक्षीदार पहिला: वकीलबाई (सही केली)

साक्षीदार दुसरा: ~~शेजारचे घड्याळजी~~

(यापुढील मजकूर दुसऱ्या साक्षीदाराने स्वतःच्या हाताने लिहिला.)

सही करायच्या आधी चार ओळी लिहू द्या असं मी वकीलबाईंना म्हटलं. त्यांनी मला कागदावर लिहून दाखवलं की सही केलीत तर इंजिन मिळणार नाही. मी म्हटलं, माहीत आहे, वाचलंय मी. इंजिन पोरीला जाऊ दे. ते सुरू कसं करायचं ते मी तिला शिकवीन, तिच्या विजेच्या मोटरवाल्यांना जमायचं नाही.

ताई, विचारायचं होतंस. मी नाहीच म्हटलं असतं, भांडलोही असतो. पण ते भांडण एका जेवणापुरतं झालं असतं.

बाकी, लिहून देणारी बाई शुद्धीवर आहे का, हे साक्षीदारानं बघायचं असतं. मी बघितलं. अकरापासून आम्ही समोरासमोर बसून भांडतोय, आता पावणेदोन झाले. मला ऐकू यावं म्हणून ती ओरडतेय, घड्याळजी घाबरून घरी गेले. ती पूर्ण शुद्धीवर आहे आणि एकदाही हरलेली नाही.

साक्षीदार दुसरा: (सही केली)
लिहून ठेवणारीशी नाते: धाकटा भाऊ
स्थळ: ताईच्या स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: नऊ मार्च, गुरुवार