वर्षाच्या आतलं व्हायोलिन

६ ऑगस्ट २००७
पुरवणी साडेपाचला सोडली. फ्लॅटच्या जाहिराती इतक्या, की मजकुराला पाऊण पान उरलं. दोन लेख कापले. कापताना काही वाटत नाही. मे महिन्यात वि.ची निधनवार्ताही मीच लावली होती. ओळी जास्त होत होत्या म्हणून 'मनमिळाऊ स्वभावाचे' काढलं. मग बसली जागेत.
सहाला निघायचं आणि वि. कोपऱ्यावर स्कूटर घेऊन उभा, असं लग्नापासून. आता नुसते सहा वाजतात.
आज त्या वेळात गल्लीतली एक पाटी वाचली. 'व्हायोलिन शिकवले जाईल. वयाची अट नाही. वेळेची आहे.' जिना चढून वर गेले. का, ते सांगता येणार नाही.

८ ऑगस्ट
बाईंचं आडनाव आठवले. सत्तरीच्या पुढच्या.
"आधी काही शिकलायत?"
"नाही."
"बरं झालं. मोडण्यात वेळ जाणार नाही."
मांडी घालून बसवलं. व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर, दुसरं टोक छातीशी. गज ओढला तर फाटक ओढल्यासारखा आवाज. शेजारची दहावीतली मुलगी हसली, बाईंनी तिला सात वेळा 'सा' लावायला सांगितलं. मला म्हणाल्या, "स्वतःचं वाद्य घ्या. इथे फक्त चुका दाखवते मी. करायच्या घरी."

१२ ऑगस्ट
घरी कसं, हा प्रश्न.
माईंनी वर्ष पाळायचं ठरवलंय. मुलगा गेलाय त्यांचा, मी कोण मोडणार? गोडधोड नाही, गणपती यंदा आणायचा नाही, टीव्ही बातम्यांपुरता. वर्षाच्या आत घरात गाणं-वाजवणं बसत नाही. हे त्या बोलल्या नाहीत. बोलावं लागत नाही.
दुपारी रेवती आली हिंजवडीहून, लॅपटॉपसकट. लेकीला सांगितलं तर तिला मजा वाटली.
"सिंपल आहे आई. इलेक्ट्रिक घे, हेडफोन लाव. आजीला कळणारसुद्धा नाही."
"आणि सांगायचं नाही तिला?"
"आवाजच नाही तर वाजवलं कुठे?"
ऑफिसात बसून दिवसभर असंच काहीतरी सोडवत असणार ही.
संध्याकाळी नाशिकहून प्रकाशचा फोन. धाकटा दीर. पुन्हा तेच. "वहिनी, तुम्ही दिवसभर ऑफिसात, माई एकटी. मी घेऊन जातो." माई नेहमीप्रमाणे "बघू" म्हणाल्या. त्यांनी जाऊ नये असं मला वाटतं. त्या गेल्या तर वि.ला 'विनू' म्हणणारं या घरात कुणी उरणार नाही. मी त्याला कधीच विनू म्हटलं नाही. आता सुरू करता येत नाही.
पण फोनवर एवढंच म्हणाले, "माईंना वाटेल तसं."

१८ ऑगस्ट
बुधवार पेठ. दुकानदाराने वर न बघता विचारलं, "नातवासाठी?"
"माझ्यासाठी."
"मग लवकर ठरवा."
दोन्ही काढून ठेवली. साधं, तांबूस, पॉलिशचा वास येणारं. आणि इलेक्ट्रिक: काळी फ्रेम, पोटच नाही, मागे बॅटरीची खोबण. नवशिक्याला कोणतं बरं, असं विचारलं. "आम्ही विकतो. सल्ला शेजारच्या दुकानात मिळतो." शेजारी मिक्सर दुरुस्त करतात.
साधं एकदा छेडून पाहिलं. दुकानातली तीन माणसं वळली. ते नको वाटलं. इलेक्ट्रिक घेतलं.
माई झोपाळ्यावर होत्या. पिशवीकडे बघितलं, विचारलं नाही. आम्ही दोघी हल्ली एकमेकींना फारसं विचारत नाही. बरं चाललंय.

२२ ऑगस्ट
क्लास. आठवलेबाईंनी काळी फ्रेम उलटीसुलटी करून बघितली, जशी एखादी परीक्षेतली कॉपी बघावी. छातीशी टेकवून वाजवायला सांगितलं. वाजवलं. मला हेडफोनमध्ये चांगलं ऐकू आलं, किंचित घुमणारं, देवळात वाजवल्यासारखं. बाईंना नुसती तारेवरची खरखर.
"मला काही ऐकू येत नाही. मी फी कशाची घेऊ?"
हेडफोन त्यांच्या कानाला लावला. अर्धा मिनिट ऐकलं, काढला. "वाईट नाही हो हे. ज्याचा हात बसलाय त्याने खुशाल घ्यावं. पण तुमचा बेसूरही यात गोड लागतोय. तुम्हाला चूक कळणार कशी?"
घरात अडचण आहे म्हटलं. काय अडचण, ते सांगितलं. त्या राळेची वडी गजावर घासत राहिल्या. म्हणाल्या, "मग तुमचं तुम्ही बघा. क्लासला माझं जुनं वाजवा, घरी ते."

२९ ऑगस्ट
हल्ली पान सुटलं की थेट घरी. रोज सहा ते सात. खोलीचं दार लोटून. सा, रे, ग. बोटं दुखतात, तेवढंच कळतं. बाकी ऐकू येतं आणि पुढे जात नाही. दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकावं तसं. अग्रलेखाचं प्रूफ वाचतानाही असंच असतं, अर्थ लागतो, संबंध लागत नाही.
नदीकाठी पथकांचा सराव सुरू. अख्खं गाव ढोल बडवतंय. माई म्हणाल्या, "यांच्या घरी कुणी मरत नाही वाटतं."

६ सप्टेंबर
डोळे मिटून 'ग' शोधत होते. उघडले तर दारात माई. किती वेळ उभ्या होत्या, माहीत नाही. हेडफोन काढला.
"काही हवंय?"
"नाही."
गेल्या. जेवताना आमटीला मीठ कमी आहे एवढंच बोलल्या. आमटी त्यांनीच केली होती.

१२ सप्टेंबर
पान सोडायच्या वेळेला प्रकाशचा फोन, ऑफिसच्या नंबरवर.
"वहिनी, स्पष्टच विचारतो. तुम्ही बऱ्या आहात ना?"
"का?"
"माई घाबरलीय. म्हणते, सुनंदा रोज दार लोटून बसते. कानाला काहीतरी लावते, डोळे मिटते आणि एक हात नुसता इकडून तिकडे. आवाज नाही. बोलावलं तर ऐकू येत नाही तिला. म्हणते, विनू गेल्याचं हिच्या डोक्यात गेलं."
म्हटलं, "भावजी, व्हायोलिन आहे ते."
"आवाज न येणारं?"
"हो."
"मग वाजवता कशाला?"
रविवारी, तेवीसला, गाडी घेऊन येतोय म्हणाला. माईला न्यायला. पान सात मिनिटं उशिरा गेलं. छपाईवाले ओरडले.

१३ सप्टेंबर
माई भाजी निवडत होत्या. काळी फ्रेम नेऊन त्यांच्यासमोर ठेवली.
"माई, हे व्हायोलिन आहे."
"हे? याचं पोट कुठंय?"
"याला नसतं. वर्षाच्या आत म्हणून बिनआवाजाचं घेतलं."
"कुणाला चोरून? देवाला की मला?"
"तुम्हाला त्रास नको म्हणून."
"झालाच की त्रास. आवाज आला असता तर कळलं तरी असतं, बाई आत काय करतेय ते. दाराला कान लावला तर नुसती किरकिर. उंदीर कुरतडतो तशी. मला वाटलं, आता हिलाही नेऊन दाखवावं लागणार कुणाला तरी."
मी हसले असावे. त्या हसल्या नाहीत.
"मग साधं आणू? आवाजाचं?"
"वर्षाच्या आत?" आणि मेथीची जुडी सोडली.
म्हणजे हे चालत नाही, तेही चालत नाही. यावर अर्धा तास विचार केला. विचार म्हणजे मेथी निवडली.

१५ सप्टेंबर
चतुर्थी. कोनाडा रिकामा. शेजारच्यांनी मोदक आणून दिले, माईंनी ताट तसंच कामवाल्या मुलीला दिलं.
व्हायोलिन बंद आहे तीन दिवस. सहा वाजले.
माई: "आज नाही?"
"नाही."
"मग काय करणार?"
"काही नाही."
त्याही बसल्या. समोरच्या मंडळाची आरती संपेपर्यंत दोघी तशाच. त्या म्हणाल्या, "प्रकाशकडे पुढच्या अंगणात जास्वंद आहे." मी म्हटलं, "हो, बघितलीय." जाऊ नका, हे त्याच्या पुढचं वाक्य होतं. रोज दुसऱ्यांची वाक्यं पुरी करते मी.

१९ सप्टेंबर
क्लासमध्ये बाईंच्या जुन्या व्हायोलिनवर 'सा'. आज पहिल्यांदा लांब ओढता आला. छातीच्या हाडात काहीतरी झालं, पाय अवघडून मुंग्या येतात तसं. बोटांत नाही, छातीत. गज थांबवला तरी क्षणभर राहिलं. बाई म्हणाल्या, "थांबलात का?"
परत ओढला. परत तेच. रडू वगैरे नाही. फक्त तिथे काहीतरी आहे, हे कळलं.

२० सप्टेंबर
दुकान. मंडळांच्या मांडवांमुळे लांबून चालत जावं लागलं.
"परत घेत नाही. बदलून देतो. कारण सांगू नका, वेळ नाही."
तांबूस होतं तेच दिलं. त्याने खुंट्या पिळून सूर लावला, पेटीत घातलं. निघताना म्हणाला, "आता ऐकणाऱ्याची सोय बघा."
रेवतीला फोन. "आई, यू आर इम्पॉसिबल. आजी काय म्हणेल?" म्हटलं, तेच बघायचंय. "आणि ती गेली तर?" मी म्हटलं, पान लावायचंय, ठेवते. पान नव्हतं लावायचं.

२२ सप्टेंबर
माईंनी बॅग भरली. सकाळी दोन लुगडी, दुपारी जपमाळ, चष्म्याचं दुसरं घर. भरून दाराशी ठेवली. मी घडी घालू लागले तर म्हणाल्या, "जमतंय मला."
व्हायोलिन कॉटवर उघडं ठेवलं होतं. मुद्दाम. त्या आल्या, उभ्या राहिल्या. मग बोटाच्या पेराने टकटक केलं, माठ घेताना करतात तसं.
"याला आहे पोट."
"हो."
"विनूला पेटी हवी होती लहानपणी. ह्यांनी घेऊन दिली नाही. म्हणाले, अभ्यास बुडेल."
हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याने एकदाही सांगितलं नाही.
वाजव म्हणाल्या नाहीत. नको म्हणाल्या नाहीत.

२३ सप्टेंबर
प्रकाश अकराला आला. जेवण झालं. तो सारखा माझ्याकडे बघत होता, आजारी माणसाकडे बघतात तसं. तीनला उठला, बॅगेला हात घातला.
माई म्हणाल्या, "थांब. आधी तिचं ते काय आहे ते ऐक. डोकं ठिकाणावर आहे की नाही, तूच सांग."
"माई, वर्षाच्या आत—"
"मला शिकवू नकोस. मुलगा माझा गेलाय."
मग मला: "वाजव."
बसले. पावलावर व्हायोलिनचं डोकं टेकवलं. पहिला 'सा' फाटला. खाली कुणाचं तरी कुत्रं भुंकलं. दुसरा बरा. रे उतरलेला, मलाही कळला. चूक कळली याचं बरं वाटलं, हे इथेच लिहिते.
प्रकाश फरशीकडे बघत होता. माई उठल्या. मला वाटलं, चालल्या. त्यांनी समोरची खिडकी लावली, मग बाजूची, मग गॅलरीचं दार. कड्या घातल्या. म्हणाल्या, "लोकांना कशाला." आणि परत येऊन बसल्या. बाहेर नाही, आतच, कॉटवर, माझ्या गुडघ्याजवळ.
"चालू ठेव."
खोली उकडली. प्रकाशने घाम पुसला.
"माई, निघायचं ना? घाटात अंधार होईल."
"तू चहा टाक," माई म्हणाल्या. "साखर वरच्या डब्यात आहे."
पाचला तो एकटा गेला. पुढच्या रविवारी परत येतो म्हणाला. माई "बघू" म्हणाल्या. बॅग दाराशीच आहे, भरलेली. मी उचलली नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

२४ सप्टेंबर
पुरवणी वेळेवर गेली. सहाला घरी.
खिडक्या आधीच लावलेल्या होत्या. पंखा चालू. बॅग दाराशी.