आधी किराणावाल्याचं

बेलापूर, मंगळवार, दिवेलागण

आज मागच्या बोळातून नाही, सरळ पेठेतून घरी आलो! बायकोच्या, सुमनच्या ऑपरेशनात कर्ज फेडायला साठवलेलं सगळं गेलं, तेव्हापासून माझा धीरच सुटला होता. फेडायचं तरी कशाला? पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे जळालेली तार पुन्हा भरणं, मी कुणाच्या हाताखाली न राबता शिकलो, व्याजाचं गणितही. ते सांगतं, आधी पतसंस्थेचं कर्ज, तिथं व्याज चढतं. किराणावाला तर उधारीवर व्याजच घेत नाही. सुमन म्हणाली, "तुमचं गणित बराबर हाय हो. पन त्याच्या दुकानासमोरून मला जाता येत न्हाई, त्ये कुठं मांडलं?" मी देण्यांच्या यादीत किराणावाल्याला सगळ्यात वर घेतलं.

आज एका मोटारीची मजुरी आली. दोघांनी जाऊन किराणावाल्याची पै न् पै चुकती केली. शेठ म्हणाले, "आलात व्हय? मला वाटलं गाव सोडलं!" वर चहा पाजला. पेठेतून येताना सुमन माझ्या चार पावलं पुढं. मलाच राहवेना. विचारलं, "आता कुणाचं?"

"गवळ्याचं. त्यो दिसला की दार लावून घ्यावं लागतं."

माझ्या दुकानात दुरुस्तीच्या दोन मोटारी कधीच्या पडून आहेत. उद्या उजाडताच खोलतो.