नातीला ठिबकनं जेवण

सांगली, दवाखान्याचा दुसरा मजला, काचेसमोरचा बाक
मंगळवार

थोरले दाजी उदयसिंहराव यांच्या पायांवर फलटणच्या जोतीरामाचं डोकं. (सध्या ते ठिकाणावर न्हाई, पण हाय तसं गोड मानून घ्यावं.)

तुमचा उजवा गुडघा कसा हाय? पाटणची हवा दमट, जपून असा. आक्काचं बी.पी. गोळीनं तरी जाग्यावर येतंय का? म्हैस गाभण हाय म्हणून ऐकलं, बरं वाटलं. सूनबाई संयोगिता बरी हाय ना? तिची लेक आता साडेतीन महिन्यांची झाली आसंल. बाळसं धरलंय का? आईचं दूध पुरतंय ना? भरपूर पुरतंय का? (सहज इचारलं.)

तुमी माझा फोन उचलत न्हाई हे आता मला पाठ झालंय. म्हणून वहीत लिहून एकेका पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर धाडतोय. लिहिलेल्या माणसाला मधेच तोडता येत न्हाई. आणि हे पत्र तुमच्या नातीच्या बारशातल्या भांडणाबद्दल न्हाई. तो इषय संपला. (संपला म्हंजे, तुमच्या व्याह्यांना फेटा आणि तुमच्या पोराच्या सख्ख्या मामाला, म्हंजे मला, टॉवेल-टोपी, हे बरोबर न्हवतं ते न्हवतंच. मी भरल्या पंगतीतनं उठलो, आणि ह्या घरच्या पाण्याचा घोटसुद्धा घेणार न्हाई असं चारचौघांत बोललो, ते मागं घेत न्हाई. दोन जिलब्या बोलायच्या आधी खाल्लेल्या होत्या, त्या धरू नयेत.)

तर झालं असं. आमच्या पूजाचं डोहाळजेवण तिच्या सासरी, पलूसला. सातवा महिना. पोरगी हिरव्या साडीत बसलेली, बायका गाणी म्हणतायत, आणि मी मांडवाच्या टोकाला जावयाच्या चुलत्यासंगं उसाच्या जातीवर वाद घालतोय, तवर आतनं बोंब उठली. पूजाचं डोस्कं फुटायला लागलं, डोळ्यापुढं अंधारी. बी.पी. इतकं वाढलेलं की पलूसच्या डॉक्टरनं हातच लावला न्हाई, सांगली गाठा म्हणाला. सांगलीत पोट फाडून बाळ काढलं. मुलगी. दोन महिने आधी. वजन एक किलो नव्वद ग्रॅम. दाजी, फ्लॉवरचा गड्डा याच्यापेक्षा जड भरतो. मी काचेतनं बघितलं. अठरा वर्सं फौजेत काढलेला माणूस मी, भिंत धरून खाली बसलो. जावई ड्युटीवर, लेहला. त्याला फोनवर सांगितलं, पोरगी छान हाय, तुझ्यावर गेलीय. (कुणावर गेलीय ते कळायला तोंड दिसाया पाहिजे. तोंडावर नळ्या.)

मग मी आपला साधा प्रश्न इचारला, ही खाते काय? तिथल्या डॉक्टरीणबाई, डॉ. समीक्षा, आपल्या पूजापेक्षा चार वर्सांनी मोठ्या असतील नसतील, त्या म्हणाल्या की हिचं पोट अजून तयार न्हाई, सगळं जेवण शिरेतनं चाललंय. सगळं! साखर शिरेतनं, प्रथिनं शिरेतनं, मीठ शिरेतनं. एका पिशवीत पिवळं पाणी, आणि शेजारी काळ्या कागदात गुंडाळलेली सिरिंज. त्यात पांढरं कायतरी. मला वाटलं दूध. म्हटलं, आवं बाई, दूध शिरेत? तर म्हणाल्या, दूध नाही काका, ते तेल आहे. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेल! रक्तात! आमची लेकरं जन्मल्यावर आपण टाळूवर तेल घालायचो, तेबी कोमट करून. आणि कसलं तेल म्हणाल, तर सोयाबीनचं, आणि त्यात थोडं माशाचं. दाजी, माशाचं! आमची मंडळी माळकरीण. तिला मी सोयाबीनपर्यंतच सांगितलंय. तुमीबी पुढचं बोलू नका.

ह्या धक्क्यातनं सावरतोय तवर माझी नजर पंपावर गेली. तासाला चार मिली, टिप, टिप, टिप. आणि एकदम मला वळखीचं वाटलं सगळं. आवं, हे तर ठिबक! वर टाकी, मधी फिल्टर, खाली लॅटरल, म्हंजे बारीक नळी, टोकाला एक झाड. आठ एकर उसाला बारा वर्सं ठिबकनं खत घालणारा माणूस मी, मला कोण शिकवणार? जरा जीव थाऱ्यावर आला. दुसऱ्या दिवशी अंगात निळा झगा, डोक्याला टोपी घालून मला पाच मिनिटं आत सोडलं. तेवढ्यात तो पंप ट्यां ट्यां करून कोकलाय लागला. लाल दिवा. नर्स पलीकडच्या बाळापाशी. मी काय बघत बसणार व्हय? जीव तोडून वरडलो, लॅटरल चोक झालीय, अ‍ॅसिड मारा! (आपण मारतोच की, दर दोन महिन्यांनी. नळ्या चकाचक व्हत्यात.) नर्सच्या हातनं ट्रे पडला. दोन मिनिटांत मी वॉचमनच्या बगलेत जिन्यावर होतो. नळीला नुसती मुरड पडली होती म्हणे.

डॉ. समीक्षा स्वतः जिन्यावर आल्या. मला वाटलं आता पोलीस. तर बाई पायरीवर शेजारी बसल्या आणि अ‍ॅसिड कशाला ते शांतपणे इचारलं. मी सांगितलं. कॅल्शियम नायट्रेट आणि बारा-एकसष्ट, म्हंजे फॉस्फरसचं खत, कवाच एका टाकीत घालू नये, कॅल्शियम आणि फॉस्फरस एकत्र आले की पाणी फाटतं, पांढरा गाळ बसतो, नळ्या चोक व्हत्यात. तुमच्या पिशवीत काय काय कालवलंय ते मला ठाऊक न्हाई, म्हणून काळजी. बाई पायरीवरच माझ्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, काका, आमचीसुद्धा हीच अडचण आहे. पोरीच्या हाडांना दोन्ही पाहिजेत, पिशवीत दोन्ही एकदम फार मावत नाहीत, गाळ बसला तर जिवाशी खेळ. मी छाती फुगवून म्हटलं, मग किती घालायचं? त्याचं वेळापत्रक दाखवा.

आणि इथं, दाजी, मला आयुष्यातला सगळ्यात मोठा धक्का बसला. बाई म्हणाल्या, मोजून घालतो, रोज रक्त बघून घालतो, पण इतक्या लहान बाळाला नेमकं किती चांगलं, ते अजून कुणालाच पुरतं माहीत नाही. तेल किती? शोध चालू आहे. प्रथिनं पहिल्या दिवशी किती? एकमत नाही. पिशवी किती दिवस चालली तर काळीज, म्हंजे लिव्हर, बिघडून बाळ पिवळं पडतं? बाळाबाळावर आहे. मी उठून उभा राह्यलो. आवं, उसाला पहिल्या दिवसापासून तोडणीपर्यंतचं वेळापत्रक छापील मिळतं! कितव्या आठवड्याला किती किलो युरिया, सगळं लिहिलेलं! आणि माणसाच्या लेकराला न्हाई? मी इतका वरडलो की वॉचमन परत वर आला. त्याला बाईंनी हातानंच थांबवलं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं. उसाचं माहीत आहे कारण लोकांनी रानं दिली.

मग त्यांनी एक कागद काढला. बाळाचं रक्त, वजन, सगळं अभ्यासासाठी लिहून ठेवायची परवानगी. जेवण चालू करायच्या दोन पद्धती हाईत, दोन्ही वापरात, दोन्ही चालतात, जास्त चांगली कुठली ते ताडून बघायचंय. माझं टाळकं सटकलं. माझी नात म्हंजे काय प्रात्यक्षिक प्लॉट वाटला काय तुमाला? कागद मी फाडणारच होतो, पण तेवढ्यात पूजाला खुर्चीवर बसवून आणलं. चार दिवसांत पोरगी निम्मी झालेली, तोंड पांढरंफटक. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, आबा, तुमी दरसाल कडंच्या दोन सऱ्या येगळ्या ठिवून बघता. दुकानदार कितीबी सांगू दे, बघितल्याबिगर ऐकत न्हाई. मग आता का वरडताय? मी म्हटलं, त्यो ऊस हाय. ती म्हणाली, म्हणून तर. आणि सही केली. इथं मला रडू आलं, पण फक्त एका डोळ्याला.

असो. पोरगी सहा दिवसांची झाली. आज वजन वीस ग्रॅमनं घटलंय. बाई म्हणतात पहिल्या आठवड्यात घटतंच, मी म्हणतो घटलं ते घटलंच. आक्काला साष्टांग. सूनबाईला आशीर्वाद. मी बोललेल्या शब्दाचा पक्का हाय, तेव्हा गैरसमज नसावा.

आपला,
जोतीराम (माजी हवालदार)

ता.क. १. वर लिहायचं राह्यलं. ती पिशवी म्हंजे नुसता पूल हाय असं बाई म्हणतात. पोट हळूहळू चालू व्हायला पाहिजे, तरच लिव्हर वाचतं. त्याला पाहिजे आईचं दूध. तीन तासाला एक मिली, म्हंजे वीस थेंब. पूजाला दोन दिवस दूध काढायचा पंप लावून बघितला. एक थेंब न्हाई. पोरगी भिंतीकडं तोंड करून पडलीय. दवाखान्यात मिल्क बँक हाय, त्यातल्या फ्रिजमधी आज दोनच बाटल्या, आणि बाळं अकरा. पावडरचं दूध ह्या बाळाच्या आतड्याला झेपत न्हाई.

ता.क. २. इथं माझ्या शेजारी म्हसवडकडच्या तानुबाई बसतात, त्यांचा नातू आतच हाय. जन्मभर मेंढरं राखली. मी तीन दिवस तोंडात गुळणी धरून बसलेला त्यांना दिसला. कारण काढून घेतलं, आणि म्हणाल्या, "आरं बाबा, कोकराची आय आटली तर आमी दुसरीला लावतो. मेंढी मागचं भांडण काढत न्हाई. तू कशाला काढतोस?" दाजी, आता स्पष्टच लिहितो. संयोगितेच्या लेकीचं पोट भरून उरत आसंल तर, आणि तरच, तिनं दूध द्यावं. इथं रक्त तपासतात, दूध तापवून घेतात, मगच देतात. तुमच्या घरच्या पाण्याला न्हाई म्हणालेला माणूस तुमच्या घरचं दूध मागतोय. फेटा व्याह्यांनाच शोभत होता. टॉवेल मी रस्त्यात टाकला म्हणून सांगितलं ते खोटं, सहा दिवस तोच उशाला हाय आणि तोच डोळ्याला. (दोन्ही डोळ्यांना.)

ता.क. ३. वरची दोन पानं अजून धाडलीबी न्हाईत तवर आक्काचा आवाज आला मोबाईलवर. म्हणते, "पहिल्याच पानावर दूध पुरतंय का, भरपूर पुरतंय का म्हणून दोनदा इचारलंस. तवाच कळलं मला. कराड वलांडलं आमी. संयोगिता आणि पोरगी मागं बसल्यात, हे गाडी चालवत्यात, गुडघ्याचं नाव काढंनात. सरळ मागायला तोंड न्हवतं व्हय रं तुला, गाढवा?" तेव्हा ता.क. १ व २ रद्द समजावेत. फक्त एक करा. वाटेत कुठं थांबला तर पाण्याची बाटली भरू नका, घरनं भरून घेतलेली आसंल तीच आणा. आक्का घेतल्याबिगर निघत न्हाई, मला ठाऊक हाय. सहा दिवस बाकावर बसलोय, दाजी. मला लय तहान लागलीय.