उतारावरची डॉज

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
महाशिवरात्रीनंतरचा मंगळवार, १९७४

प्रिय दानू,

तुझं पत्र काल दुपारी आलं. खुशाली विचारायचीही विसरलीस, म्हणजे किती तापली आहेस ते पहिल्याच ओळीत कळलं. आक्काच्या दारात काळी मोटार उभी असते म्हणे, आणि आपली पोरगी तिच्या आरशात बघून वेणी सारखी करते म्हणे. एवढं लिहून तू लगेच निकालही लावलास. रविवारी तुझे मालक येणार, माझ्याकडे ठेवलेल्या लेकीला, नीलव्वाला, गडहिंग्लजला परत नेणार, ट्रेनिंग कॉलेज बंद आणि वैशाखात लग्न. अगं, तिची शेवटची परीक्षा तोंडावर आली आहे. माझ्या चटणीच्या उखळाच्या दणदणाटात बसून अभ्यास केला पोरीनं, एका शब्दानं कुरकुरली नाही. आता मास्तरीण व्हायला एक पायरी राहिली, तर तुम्ही तिला दंडाला धरून खाली ओढणार. हे पत्र रविवारच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून आजच टाकते आहे. रागानं अर्ध्यावर ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तुला हे कुणी सांगितलं ते मला ठाऊक आहे. आमच्या शेजारच्या अंबूबाईची लेक तुमच्या गल्लीत दिलेली आहे. इथं अंबूबाईला शिंक आली की तिथं तिची लेक नाक पुसते. पण तिच्यावर तरी काय रागवायचं? तुझ्याही आधी संशय मलाच आला होता. तू मला ओळखतेसच. गवळी दारात उभा असतानाच मी दुधात बोट घालून बघते. आपले आप्पा म्हणायचे, ही शांतव्वा देवळात गेली तर नंदीचेसुद्धा दात मोजून येईल. तर अशी मी, आणि माझ्या घरात तरणी पोरगी ठेवलेली. मी डोळे मिटून बसले असेन असं तुला वाटलंच कसं?

दिवाळी झाली आणि ती गाडी आमच्या गल्लीत आली. डॉज. कुणा जहागीरदारानं राजांच्या अमदानीत घेतलेली, मग या हातातून त्या हातात फिरत चनबसाप्पाकडे आली. हा चनबसाप्पा मूळचा कुरुंदवाडचा. बायको वारली, मूलबाळ नाही. अंबूबाईची मागली खोली भाड्यानं घेऊन राहतो आणि स्टँडवरून पन्हाळ्याला, जोतिबाला माणसं भरून नेतो. असल्या जुन्या गाड्या कोल्हापुरात अजून किती फिरतात ते तू बघितलंच आहेस. दुसऱ्या गावात कधीच भंगारात गेल्या असत्या, पण इथं उद्यमनगरातली माणसं ठोकून-ठाकून, नवा भाग ओतून त्यांना रस्त्यावर ठेवतात. याच्या गाडीचं मागचं एक दार काथ्यानं बांधलेलं आहे, आणि हॉर्न वाजला की म्हशी बाजूला न होता उलट वळून बघतात.

आता संशयाचं ऐक. आमची गल्ली नदीकडे उतरत जाते हे तुला आठवत असेल. अंबूबाईचं घर खाली, तिच्या दारात सपाट जागा, बैलगाडी वळेल एवढी. ती जागा सोडून हा बाबा गाडी चढावर आणणार आणि बरोबर माझ्या दारासमोर लावणार. चाकाखाली दगड देणार, गुपचूप खाली मान घालून जाणार. जेवणाच्या वेळेला पुन्हा तेच. मला सांग, भाडं अंबूबाईला आणि मोटार माझ्या दारात, हा कुठला न्याय? सकाळी नीलव्वा पुस्तकं घेऊन बाहेर पडली की हा आलाच. दगड काढला, आत बसला, आणि गाडी सुटली. सुटली म्हणजे कशी, तर इंजिनाचा हूं नाही की चूं नाही. चोर पायातली वहाण काढून चालतो तशी. खालच्या वळणावर गेल्यावर मग तिला कंठ फुटायचा, आणि त्या वळणावर नेमकी आपली पोरगी पोचलेली असायची.

आरशाचंही खोटं नाही. मी स्वतः बघितलं. नीलव्वा जाता जाता वाकली, डॉजच्या बाजूच्या आरशात बघितलं, कपाळावरची बट मागं सारली आणि गेली. त्या दिवशी मी तिला असं काही बोलले की पोरगी न जेवता झोपली. दुसऱ्या दिवसापासून तिला परसदारानं जायला लावलं, आणि उखळ ओढून पुढच्या उंबऱ्याजवळ आणलं. लोकांच्या वर्षाच्या चटण्या कुटायच्याच आहेत, तर दारात बसून कुटू. हातात मुसळ आणि नजर मोटारीवर. बघते म्हटलं हा काय करतो ते.

मार्गशीर्षात मिरचीचं पहिलं पोतं आलं तेव्हा मी एक युक्ती केली. गाडी लागायची त्या जागेवर पोती अंथरली आणि वरून सगळी मिरची पसरली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. दुपारी डॉज आली, थांबली, मिरची बघून मागं मागं गेली आणि अंबूबाईच्या दारात सपाटीवर उभी राहिली. मनात म्हटलं, बरी जिरवली. जेवण करून तो परत आला आणि गाडीला मागून रेटायला लागला. एकटाच. एका हातानं रेटायचा आणि दुसरा हात छातीशी धरायचा. गाडी काही हलेना. गल्लीतली टाळकी गंमत बघत उभी. शेवटी माझ्याच्यानं बघवेना, मी मुसळ ठेवून खाली गेले आणि विचारलं की हा काय प्रकार आहे. तर घाम पुसत म्हणाला, ‘आक्का, सेल्फ बिघडलाय हिचा, बटनावर सुरू हुईना. हँडल मारायला गेलतो, ते उलटं फिरलं आन् मनगट मोडलं. उतारावर लावली तर घरंगळत सुरू हुती, न्हाईतर अशी बसती.’ मग आधी विचारलं का नाहीस, असं म्हटलं, तर म्हणाला की तुमच्या तोंडाकडे बघून धीर झाला नाही. मला हसू आलं बाई. एवढा दांडगा गडी, आणि मला भ्यालेला. मी पदर खोचला आणि मागून धक्का मारला. अंबूबाई खिडकीत होतीच.

एवढ्यावर माझा संशय मिटायला हवा होता, आणि मिटलाही. मिरच्या परसात वाळवायला लागले. तरी नीलव्वानं परसदारानंच जायचं, हे मात्र कायम ठेवलं. एवढी भोळी मी नाही. पुढं तू एस.टी.वर टाकलेलं संकेश्वरी मिरचीचं पोतं स्टँडवरून त्यानंच आणून दिलं. मीही गेले होते, मागच्या सीटवर बसले. सीटच्या स्प्रिंगा वर आलेल्या, त्यावर त्यानं घोंगडं टाकलेलं. पायाखालचा पत्रा कुजलाय, भोकातून रस्ता पळताना दिसतो. बिंदू चौक येईपर्यंत मी दार घट्ट धरून बसवण्णाचं नाव घेत होते. पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तुझे दाजी गेल्यापासून मला कुणी असं बसवून कुठं नेलं नव्हतं. माझं जाणं म्हणजे एकतर पायी, नाहीतर एस.टी.त उभ्यानं. घरी आल्यावर त्यानं पोतं आत ठेवलं, मी चहा दिला. बशीत न ओतता पेल्यानंच प्याला, आणि पेला विसळून पालथा घातला. त्यात काय एवढं, पोतं आणलं तर चहा द्यायलाच पाहिजे.

मग मागच्या आठवड्यात लक्ष्मीपुरीत लसूण घ्यायला गेले होते. बाजारात, भर सपाटीवर, डॉज उभी. मी मनात म्हटलं, आता हा कुणाला धक्का मारायला लावणार? तर तो आला, आत बसला, आणि गाडी जागच्या जागी सुरू होऊन निघून गेली. मी लसणाची पिशवी धरून तशीच उभी. सेल्फ चालतो आहे की याचा. मग माझ्या दारातला उतार कशाला? तिथून थेट उद्यमनगरात गेले, लालासाबच्या कारखान्यात. मुसळाचं लोखंडी कडं सैल झालंय असं निमित्त केलं आणि हळूच डॉजचा विषय काढला. लालासाब भोळा माणूस. कौतुकानं सांगायला लागला की सेल्फचं दात्यांचं चाक त्यानंच नवं बनवलं, संक्रांतीच्या आधीच बसवून दिलं, आता ती गाडी कुठंही उभी करा. म्हणजे संक्रांतीपासून हा माणूस माझ्या दारात उताराचं सोंग करत होता. दानू, तुला आत्ता येतोय ना, तसला राग मला आला होता.

घरी आले ती नीलव्वावर धावूनच गेले. गळ्यातलं इष्टलिंग हातात घे आणि खरं सांग, म्हटलं. पोरगी रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. पुस्तक मिटवून सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, ‘दोड्डव्वा, तू मला परसदारानं घालवतीस. गाडी पुढल्या दारात असती. मला बघायचं असतं तर त्यानं पुढं कशाला लावली असती? पुढल्या दारात दिवसभर कोण बसतंय?’ तोंड वर करून बोलू नकोस, म्हणून मी दटावलं. दटावलं खरं, पण त्यानंतर मुसळ हातात धरवेना. तुझी लेक हुशार आहे गं. असल्या पोरीला परीक्षेला न बसवता बोहल्यावर उभी करणार तुम्ही.

दुसऱ्या दिवशी तो गाडी लावून उतरला तशी मी समोर जाऊन उभी राहिले. सेल्फ दुरुस्त होऊन इतके दिवस झाले, मग हे नाटक कशासाठी? माझ्या घरात बहिणीची लेक आहे, तिच्या नावाला बट्टा लागला तर मी तुला आणि तुझ्या गाडीला नदीत लोटीन. असं सगळं, आणखीही पुष्कळ बोलले. तो आधी गोंधळला. मग त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, ‘पोरीचं काय मधीच? तिचं नावबी मला ठावं न्हाय.’ मग उंबऱ्याजवळच्या उखळाकडे बघत म्हणाला, ‘तुमचं ठावं हाय. तुम्ही दारात बसलेल्या असता. येता-जाता दिसता, म्हणून लावतोय.’ तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बरेच दिवस झाले, हा मला आक्का म्हणत नव्हता. मी आत आले आणि दार लावून घेतलं. त्यानंतर गाडी वर आलीच नाही. खाली अंबूबाईच्या दारात लावायचा, आणि तिथूनच निघून जायचा. मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. रिकामा उतार बघून वाईट वाटलं, हे तुला सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

तुझं पत्र आलं नसतं तर मी हे गिळून गप्प बसले असते. या वयात हे काय, लोक शेण घालतील तोंडात, असंच मनाला समजावत होते. पण तुम्ही पोरीला न्यायला निघालात, आणि दारात मोटार उभी राहत नव्हती असं काही मला म्हणता येत नाही. सगळ्या गल्लीनं बघितली आहे. मग ती कुणासाठी उभी राहत होती, हे सांगितल्याशिवाय नीलव्वा सुटत नाही. ती माझ्यासाठी होती, दानू. गावाला नाव घ्यायला कुणीतरी लागतंच, तर माझं घ्या, तिचं नको. आज सकाळी अंबूबाई सडा टाकत होती. तिच्यादेखत मी खाली गेले आणि चनबसाप्पाला सांगितलं, गाडी वर लावत जा. त्याला कळलं. अंबूबाईला तर त्याच्या आधी कळलं. आपल्यात उडकी चालते, विधवेला दुसरा घरोबा करता येतो. आपल्या थोरल्या आत्तीनं केलाच होता, आणि आप्पांनी स्वतः तिला साडी नेसवली होती. पोरीची परीक्षा होऊ दे, मग मीही करणार आहे. तुझ्या मालकांना हे वाचून दाखव, आणि रविवारी येऊ नका म्हणावं. शेवटचा पेपर झाला की मीच नीलव्वाला घेऊन येईन, तिच्या आईच्या हातात देईन. आम्ही तिघं त्याच गाडीतून येऊ, दिवसाढवळ्या, तुमच्या भर गल्लीतून. तेव्हा दार उघडायचं की लावून घ्यायचं, ते तुझं तू ठरव.

तुझीच,
आक्का