डाव्या हाताची डायरी

मी, जनरलसाहेबांची थोरली मुलगी, निवृत्त भूगोलशिक्षिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाला न जुमानता लिहीत आहे. दबाव आणणारे माझे बंधू दाराबाहेर उभे आहेत. "ताई, दार उघड. बाबांचं नाव मातीत मिळवू नकोस," असे त्यांचे चालले आहे. दाराला आतून कडी आहे; दोन्ही साक्षीदार आत माझ्यासोबत आहेत.

१. वडिलांच्या युद्धकाळातील डायऱ्या दोन. शाईची सुवाच्य डायरी बंधूंनी इतिहासाच्या प्राध्यापकांना दिली; तिच्यावरून पुस्तक छापायला निघाले आहे. तीत म्हटले आहे की बाबांच्या हाताखालच्या कॅप्टनने हुकमाविना पूल उडवला आणि पलीकडे अडकलेली आपली माणसे मेली. कॅप्टनचा हुद्दा काढून घेऊन त्याला सैन्यातून हाकलले. तो डाग घेऊनच तो वारला.

दुसरी पेन्सिलची, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्याच तारखेला तीत आहे: "हुकूम माझा. पलीकडे आपली माणसं आहेत हे ठाऊक होतं."

बंधू म्हणतात, हे बाबांचे अक्षरच नव्हे. अहो, नेहमीसारखे असेल कसे? तेव्हा बाबांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, डाव्याने लिहीत. रजेवर आले तेव्हा त्यांच्या कोटाची बटणे मी लावली आहेत. प्राध्यापकांनी एवढेच विचारावे, की प्लास्टरमधल्या हाताला शाईचे इतके देखणे अक्षर जमले कसे? ते अक्षर युद्ध संपल्यावर, सवडीने जमले. बाबांवर माझा फार जीव होता, म्हणूनच संताप येतो.

२. पेन्सिलची डायरी, हाताच्या एक्स-रेसह, मी कालच सरकारी दफ्तरखान्यात जमा केली आहे. बंधूंनी उगाच कपाटे उचकू नयेत.

३. घरातला माझा अर्धा हिस्सा, गळक्या गच्चीसकट, बंधूंना. मात्र शाईची डायरी त्यांनी दफ्तरखान्यात पेन्सिलच्या डायरीशेजारी ठेवली तरच. नाहीतर हिस्साही दफ्तरखान्याला.

४. बाबांचे शाईचे पेन बंधूंना, बिनशर्त. निब अजून चांगली आहे.

५. कॅप्टनची मुलगी गल्लीच्या टोकाला शिवणकाम करते. माझे दागिने तिला द्यायचे होते आणि साक्षीदार म्हणूनही तीच हवी होती. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. एक काय ते ठरवा. मी तिलाच विचारले. ती म्हणाली, "दागिने राहू द्या, काकू. सही मी करते." दागिने भाचीला द्यावेत.

ठिकाण: माझी खोली.
दिनांक: पूल उडाला तीच तारीख.
सही: (उजव्या हाताने)

साक्षीदार १: माझे डॉक्टर.
साक्षीदार २: शिवणकाम करणारी. सहीत आपल्या वडिलांच्या नावाआधी तिने 'कॅप्टन' लिहिले आहे. ते कोणीही खोडू नये.